काटा थांबतो तेव्हा

वजनाचा काटा हा अलीकडे पुष्कळ घरांतून एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा वागू लागला आहे. सकाळी उठल्याबरोबर त्याच्यापुढे उभे राहावयाचे, तो जो आकडा दाखवील त्याप्रमाणे दिवसभर हर्ष अथवा खेद करावयाचा, असा परिपाठच पडून गेला आहे. ज्या घरात कोणाची वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेली असते, तेथे तर या काट्याचा शब्द अखेरचा मानला जातो. आणि मग एके दिवशी हा काटा बोलेनासा होतो. आठवडा जातो, दोन आठवडे जातात, महिनाही उलटतो, आकडा तोच. घरातील मंडळींच्या मनात शंका येऊ लागतात. शस्त्रक्रिया फसली काय? पथ्य मोडले काय? एवढा खर्च आणि एवढे कष्ट वाया गेले काय?

वाचकहो, या लेखाचे प्रयोजन इतकेच की, काटा थांबला म्हणजे शरीरातील काम थांबले, असा समज आपण करून घेऊ नये. काट्याला किलोग्रॅम कळतात. ते किलोग्रॅम कशाचे आहेत, हे त्याला कळत नाही. आणि आरोग्याचा प्रश्न तर नेमका तेथेच आहे.

सेक्टर ३९ मधील एक घर

उदाहरणासाठी आपण एका कल्पित घरात जाऊ. हे घर चंदीगडच्या सेक्टर ३९ मध्ये आहे, असे समजू. याच सेक्टरमध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था १९८४ पासून काम करीत आहे. अशा संस्थांतील नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबे या नगरात राहतात. आपले कुटुंब मराठी आहे. सासूबाई, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असा संसार. सुनेची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलोग्रॅम होते; मधुमेह जडला होता, गुडघे दुखत होते. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांत वजन ८४ किलोग्रॅमवर आले, आणि तेथे जे थांबले ते हलेना. "अगं, एवढे मोठे ऑपरेशन केलेस, आता रात्रीचे जेवणच सोडून पाहा," असे सासूबाई मायेने सुचवितात. सून तसे करण्याच्या विचारात आहे.

असे घर चंदीगडमध्ये कल्पिण्यास कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मधुमेहाची जी देशव्यापी पाहणी हाती घेतली, तिच्या पहिल्या टप्प्यात तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड यांचा समावेश होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे महाराष्ट्रातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते, तर चंदीगडमध्ये १३.६ टक्के. त्याच पाहणीत स्थूलतेचे प्रमाण महाराष्ट्रात १६.६ टक्के आणि चंदीगडमध्ये ३१.३ टक्के आढळले. रुंद रस्ते, बागा आणि झाडे यांची मुळापासून आखणी करून वसविलेल्या नगराची ही स्थिती आहे. महाराष्ट्राच्या वाढत्या शहरांनी त्यातून काही बोध घ्यावा, हे उचित होय.

शस्त्रक्रियेने नेमके काय घडते

१९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन यांनी स्थूलतेसाठी जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया प्रथम केली. व्रणाच्या विकारासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढून टाकावा लागे, त्यांचे वजन पुढे सहसा वाढत नाही, हे निरीक्षण त्यामागे होते. तिला आज 'गॅस्ट्रिक बायपास' म्हणतात. तीत जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. दुसरी आणि आज अधिक प्रचलित असलेली शस्त्रक्रिया म्हणजे 'स्लीव्ह'. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून उरलेल्या भागास नळीचा आकार देतात.

पिशवी लहान झाली म्हणून अन्न कमी जाते, इतकाच याचा अर्थ नव्हे. भूक चेतविणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तो भागच निघून जात असल्याने भूक मंदावते. आतड्यातून तृप्तीचा संदेश देणारी संप्रेरके जेवणानंतर अधिक प्रमाणात स्रवू लागतात. आतड्यात वस्ती करून असलेल्या सूक्ष्मजीवांचे प्रमाणही पालटते. थोडक्यात, ही शस्त्रक्रिया केवळ पोटावर होत नाही. भूक आणि शरीराचा इंधनखर्च यांचा जो हिशेब मेंदूत चालतो, त्यावरही ती परिणाम करते. मात्र तो हिशेब ती बंद करीत नाही. वजन थांबण्याचे मूळ येथेच आहे.

वजन का थांबते

पहिला थांबा बहुधा फार लवकर येतो, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. आपले यकृत व स्नायू ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा थोडा साठा बाळगून असतात, आणि प्रत्येक ग्रॅम साठ्याबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार एकाएकी घटला की हा साठा प्रथम संपतो आणि त्याबरोबरचे पाणीही जाते. म्हणून पहिल्या दिवसांत वजन भराभर उतरलेले दिसते. पुढे शरीर पाण्याचा तोल सावरते आणि काटा स्थिर होतो. या काळात मेद झिजतच असतो; पाण्याच्या चढउतारामुळे तो दृष्टीस पडत नाही, एवढेच.

त्यानंतरचे थांबे महिन्यांच्या अंतराने येतात, आणि शेवटचा मोठा थांबा साधारणतः एक ते दोन वर्षांच्या दरम्यान. त्याचे कारण साध्या अंकगणिताचे आहे. ११२ किलोग्रॅमचा देह चालविण्यास, जिना चढविण्यास, उबदार ठेवण्यास जितके इंधन लागते, तितके ८४ किलोग्रॅमच्या देहास लागत नाही. पूर्वी ज्या आहाराने वजन घटत होते, त्याच आहारात आता जमा व खर्च यांची तोंडमिळवणी होते. शिवाय शरीर स्वतःहूनही काटकसर करू लागते.

या काटकसरीचा प्रसिद्ध दाखला जुना आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांश घटले. पण विसाव्याच्या स्थितीतील इंधनखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. देह लहान झाला त्या मानानेही ही उतार अधिक होती. ते तरुण थंडीने कुडकुडत, थोड्या श्रमाने थकत, आणि त्यांच्या डोक्यात सदैव अन्नाचेच विचार घोळत. पुढे त्यांना पुन्हा पोटभर अन्न मिळू लागले, तेव्हा मेद स्नायूंच्या आधी परतला. आपल्या कल्पित घरातील सुनेने रात्रीचे जेवण सोडण्यापूर्वी ही हकिगत अवश्य ध्यानी घ्यावी. थांबलेला काटा उपाशी राहून हलवू पाहणे म्हणजे आधीच काटकसर करणाऱ्या शरीरास अधिक काटकसर शिकविणे होय.

दोन डॉक्टर, एकच निर्देशांक

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वजन किलोग्रॅममध्ये मोजून त्यास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्यास देहभार निर्देशांक म्हणतात. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन वैद्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही देहभार निर्देशांक २२ च्या आसपास, जवळजवळ सारखाच. परंतु शरीरातील मेदाचे मोजमाप केले, तेव्हा डॉ. युडकिन यांच्या देहात तो ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के निघाला. एकच निर्देशांक, आणि मेद दुपटीहून अधिक!

हा केवळ दोघांचा योगायोग नव्हता. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा जो अभ्यास डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून हाती घेतला, त्यात असे दिसून आले की, तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम, तरीही त्वचेखालील मेद आपल्या बालकांत त्या मानाने राखलेला होता, उणे पडले होते ते स्नायू. दिसावयास कृश आणि आत मेदयुक्त, अशी ही ठेवण. आपल्याकडे २३ हून अधिक निर्देशांक अतिवजनाचा आणि २५ पासून पुढे स्थूलतेचा का मानतात, आणि पुरुषांची कंबर ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे का सांगतात, याचा उलगडा यावरून होईल.

याचा शस्त्रक्रियेशी संबंध असा की, जे वजन उतरते ते सगळे मेदाचे नसते. साधारणपणे घटलेल्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा मेदाखेरीज इतर ऊतींचा असतो, आणि त्यात स्नायूंचाही वाटा असतो. ही झीज पहिल्या तीन महिन्यांत विशेष वेगाने होते. आपल्या उदाहरणातील २८ किलोग्रॅमपैकी सहा-सात किलोग्रॅम असे गेले असतील. ज्या समाजात स्नायूंची पुंजी जन्मापासूनच थोडी, त्याला ही तूट अधिक जाचक. स्नायू हे चालण्या-उठण्याचे साधन तर आहेतच. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार तेच होत. वजन कितीही उतरले आणि स्नायू गमावले, तर ते यश पोकळ ठरते. उलट, काटा स्थिर असून कंबर दोन बोटे कमी झाली, जिना न थांबता चढता आला, साखर ताब्यात आली, तर ते खरे यश होय. मग आकडा काही का असेना.

स्वयंपाकघरातील हिशेब

स्नायू राखावयाचे तर प्रथिने पाहिजेत. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. पुष्कळांना त्याहून अधिक लागतात, आणि नेमके प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवून देतात. शाकाहारी घरात ६० ग्रॅम हे सहज जमणारे काम नव्हे. हिशेब पाहा: दोन पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर, दुधातून सुमारे १३ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून १८, वाटीभर दह्यातून ५, मटकीच्या अथवा राजम्याच्या एका वाटी उसळीतून ७, ३० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांतून १५, आणि एका फुलक्यातून ३. बेरीज ६१. यातील रात्रीचा एक घास जरी गाळला, तरी बेरीज उणी पडते. अंडी चालत असतील तर प्रत्येक अंड्यामागे ६ ग्रॅम धरावे.

लहान झालेल्या जठरात हे सारे दोन वेळांत मावणार नाही. म्हणून दिवसाचे पाच-सहा भाग करावेत. ताटात प्रथम उसळ, पनीर अथवा अंडे घ्यावे, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी-भात. घास बारीक चावावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट घ्यावे. मऊ, गोड व पातळ पदार्थ, जसे आइस्क्रीम, सरबत, फरसाणाबरोबरचा चहा, हे लहान जठरातूनही सहज पुढे सरकतात आणि नकळत जमेची बाजू फुगवितात. काटा थांबला असता तपासावयाचे ते हे. जेवण तोडावयाचे नव्हे.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या वजन थांबले म्हणून थांबवू नयेत. ब१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची उणीव वर्षांनीही उद्भवते, आणि निव्वळ शाकाहारी कुटुंबांत ब१२ ची उणीव आधीपासूनच असण्याचा संभव फार. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र न घेता दोन तासांचे अंतर ठेवावे. वारंवार उलट्या होत असतील, तर वजन उतरते आहे म्हणून समाधान मानू नये. ब१ जीवनसत्त्व अशा वेळी थोड्याच आठवड्यांत संपुष्टात येते आणि मेंदूस व मज्जातंतूंस कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

सेक्टरची एक प्रदक्षिणा

प्रथिने ही विटांसारखी; भिंत उभी करावयास गवंडी लागतो, आणि तो गवंडी म्हणजे व्यायाम. चंदीगडच्या आखणीत नमुन्याचा सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब धरलेला आहे. त्याची एक प्रदक्षिणा म्हणजे ४ किलोमीटर. मध्यम गतीने ती तासाभरात होते. आठवड्यातून तीन प्रदक्षिणा घातल्या, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे भरून वर काही उरतात. आपल्या गावी सेक्टर नसेल, तर नदीचा घाट, शाळेचे मैदान अथवा वाड्याचे अंगण आहेच.

परंतु चालण्याने दम वाढतो. स्नायू राखण्यास त्यांवर भार पडावा लागतो. त्याच संघटनेने आठवड्यातून निदान दोन दिवस अशा व्यायामाची शिफारस केली आहे. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, येथून आरंभ करावा. शल्यचिकित्सकाने परवानगी दिल्यावाचून मात्र भार उचलू नये. एक गैरसमजही दूर करू. एक किलोग्रॅम स्नायू विसाव्यात दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतात, मेद सुमारे साडेचार. म्हणजे स्नायू वाढविल्याने वाटेल तितके खाण्याची मुभा मिळत नाही. त्यांचे मोल सामर्थ्यात आणि साखरेच्या नियमनात आहे.

काय मोजावे

काट्यावर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वाराला, सकाळी उभे राहावे. महिन्यातून एकदा शिवणकामाच्या फितीने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून वहीत नोंद करावी. खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, हेही लिहून ठेवावे. शरीरातील मेद आणि स्नायू वेगवेगळे मोजणारी 'डेक्सा' तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. वैद्यांनी सुचविल्यास ती करून घ्यावी. विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर मेद सांगणारे घरगुती काटे पाण्याच्या चढउताराने फसतात. त्यांच्या एकेका आकड्यावर विसंबू नये.

आणि दीर्घ काळाचे चित्र डोळ्यांपुढे असू द्यावे. स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींचा पाठपुरावा करण्यात आला. दोन वर्षांनी त्यांचे वजन सरासरी २३ टक्क्यांनी कमी होते, दहा वर्षांनी १७, आणि वीस वर्षांनी १८ टक्क्यांनी. म्हणजे तळ गाठल्यावर थोडे वजन परत येणे हा नियमच आहे. परंतु बहुतांश लाभ वीस वर्षे टिकला. शस्त्रक्रिया न झालेल्या तुलनेच्या गटात वजन फारसे बदलले नाही, आणि मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत कमी आढळले. आपल्या सुनेचे ११२ चे ८४ झाले, ही २५ टक्के घट आहे. तिची शस्त्रक्रिया फसलेली नाही. ती जेथे पोचावयाची तेथे पोचली आहे.

मात्र वजन महिन्यामागून महिना सतत वाढू लागले, भूक पूर्वीसारखी उसळू लागली, किंवा अशक्तपणा, केस गळणे, हातापायांस मुंग्या येणे असे काही दिसले, तर शस्त्रक्रिया केलेल्या वैद्यांकडे जावे. थायरॉइडचा विकार, काही औषधे, मनाची उदासी अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात, आणि त्यांवर उपाय आहेत. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. स्थूलता हा दीर्घकालीन विकार आहे, आणि रक्तदाबाच्या रुग्णाप्रमाणे या रुग्णासही जन्मभर वैद्यकीय देखरेख लागते.

शेवटी, घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. "आज किती भरले?" हा प्रश्न काही महिने विचारू नये. त्याऐवजी उसळीची वाटी वेळेवर पुढे करावी, संध्याकाळी फिरावयास सोबत जावे, गोळ्यांची आठवण द्यावी. जठर लहान करण्याचे काम शल्यचिकित्सकाने एका दिवसात केले. त्यानंतरचे काम वर्षानुवर्षांचे आहे, आणि ते घरातील सर्वांनी मिळून केले तरच निभावते.